मेथी निवडायची जागा

विमलाला एखादी गोष्ट कळली नाही की जेवण गोड लागत नसे. घाटकोपरच्या टेकडीवर, पंचशीलनगरच्या अगदी वरच्या टोकाला तिचं वाणसामानाचं दुकान होतं, आणि दुकानाच्या फळीवर कोपर टेकून ती साऱ्या जगाची चौकशी करत बसायची. कुणाकडे पाहुणे आलेत, शेजारच्या तेजलचं लग्न कुठे अडलंय, पाण्याचा पंप कुणी बिघडवला, सगळं तिला ठाऊक. आणि जे तिला सकाळी कळायचं ते संध्याकाळपर्यंत टेकडीला कळायचं, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिचा नवरा कुंडलिक विक्रोळीच्या एका कंपनीत रखवालदार होता. तो म्हणायचा, "तुला दुकान कशाला पाहिजे? खुर्ची आणि चहा दिला तरी तुझं भागेल." तिला याचा राग येत नसे. खोटं थोडंच होतं?

अशा बाईला गेले काही आठवडे एक कोडं सुटत नव्हतं, आणि तेही स्वतःच्याच दुकानातलं. तिच्याकडची भाजी कुणी घेत नव्हतं.

भाजीची कथा अशी. टेकडीवर भाजीची हातगाडी चढत नाही. पायऱ्याच इतक्या उभ्या, की रिकाम्या हातांचा माणूसही धापा टाकत येतो तिथे भरलेली गाडी कोण ढकलणार? वरच्या दुकानांत मिळायचं ते म्हणजे बिस्किटं, कुरकुरीत पाकिटं, चार कांदे-बटाटे आणि मोड आलेला लसूण. मग एका संस्थेच्या शर्मिष्ठा मॅडम वर आल्या. वस्तीतल्या दुकानदारांना ताजी भाजी ठेवण्यासाठी अनुदान देण्याची त्यांची योजना होती. दोन महिने घरोघरी फिरून, प्रश्न विचारून त्यांनी विमलाचं दुकान निवडलं. काचेच्या दाराचा फ्रिज संस्थेचा, रोज सकाळी भाजी वर आणणाऱ्या माणसाची मजुरी संस्थेची, भाव मात्र खाली गाडीवर असेल तोच. शिवाय भाजीचा कचरा ठेवायला एक पिंप, आणि तो खाली न्यायलाही माणूस, कारण कचऱ्याची गाडी टेकडीवर येत नाही. अट एकच होती. पावसाळा संपेपर्यंत भाजी खपली नाही, तर फ्रिज मुलुंडच्या वस्तीत जाणार होता.

फ्रिज आला तो दिवस सणासारखा गेला. चौघांनी दोर लावून तो चढवला, पोरं पुढे नाचत होती, वळणावर तो भिंतीला घासला तेव्हा विमला धावत खाली गेली. तिला तो फ्रिज हवाच होता. भाजीसाठी हवा होताच, पण त्यातला एक कप्पा दुधा-दह्याला वापरायची मुभा होती. खालच्या वळणावरच्या नंदकुमारकडे थंड पेयांचा फ्रिज आला तेव्हापासून विमलाची दुधाची गिऱ्हाइकं तिकडे गेली होती, आणि दुधाबरोबर साखर, साखरेबरोबर चहापत्ती. दुकान हळूहळू खंगत चाललं होतं. फ्रिज आल्यावर गिऱ्हाइकं परत आली. दह्यासाठी बायका पातेली घेऊन येऊ लागल्या. विमला रोज सकाळी फ्रिजची काच वर्तमानपत्राने पुसायची, आणि पुसताना तिला आपलं दुकान पुन्हा दुकान झाल्यासारखं वाटायचं.

पण भाजी तशीच. बायका यायच्या, दूध घ्यायच्या, मीठ घ्यायच्या. काचेतून मेथीकडे बघून म्हणायच्या, "काय झकास आहे गं मेथी!" आणि निघून जायच्या. आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी अख्ख्या आळीला मेथीच्या फोडणीचा वास सुटायचा.

"ही मेथी येते कुठून?" विमला कुंडलिकला विचारायची.

"खालून. धोंडिरामच्या गाडीवरून. अजून कुठून येणार?"

"अरे पण त्याच भावाला माझ्याकडे आहे ना! पिशवी घेऊन एवढा डोंगर चढायची हौस आहे का बायांना?"

कुंडलिक कूस बदलून झोपी गेला. विमलाच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. आधी तिला वाटलं, फ्रिजमधली भाजी शिळी वाटत असेल. तिने टोपलीभर बाहेर मांडून पाहिली, पाणी शिंपडलं. मग वाटलं, धोंडिराम भाजीवर कोथिंबीर-मिरची फुकट देतो त्याचा हा परिणाम. तिनेही द्यायला सुरुवात केली. फुकटची कोथिंबीर तेवढी गेली.

मग एक शंका आली, आणि तिच्यामुळे तोंड कडू झालं. आपल्या हातची ओली भाजी नको असेल का कुणाला? गावाकडे, जालन्याच्या बाजूला, तिच्या आईच्या हातचं पाणी न घेणारी घरं तिने डोळ्यांनी पाहिली होती. पण टेकडीवरच्या कोकणी घरांत दूध-दही तर तिच्याकडूनच जात होतं. आणि शेजारच्या बौद्ध घरांतल्या, विहारात तिच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्या बायकाही भाजी घेत नव्हत्या. तिने ती शंका झटकून टाकली. आपलं मन तिथपर्यंत गेलं याचंच तिला वाईट वाटलं.

शेवटी तिने ठरवलं, पाणी कुठं मुरतंय ते स्वतः जाऊन बघायचं.

संध्याकाळची वेळ म्हणजे दुकानाची भरगच्च वेळ. त्यामुळे दिवेलागणीच्या सुमारास टेकडीखाली उतरल्याला तिला वर्षं झाली होती. कुंडलिकच्या सुट्टीच्या दिवशी तिने त्याला फळीवर बसवलं, डोकेदुखीची गोळी आणते म्हणाली आणि निघाली.

धोंडिरामची गाडी पायऱ्यांच्या तोंडाशी, पालिकेच्या पंपघराला लागून उभी असते. विमलाला वाटलं होतं, गाडीभोवती बायकांची झुंबड दिसेल. गाडीवर कुणीच नव्हतं. धोंडिराम स्टुलावर बसून मोबाइल बघत होता. तेवढ्यात पंपघराच्या मागून हसण्याचा असा काही गलका झाला की तो बसल्या जागी हसला, काय चाललंय हे न बघताच.

विमला मागे गेली. पंपघराच्या मागच्या कट्ट्यावर वरच्या आळीतल्या बायका ओळीने बसल्या होत्या. चपला काढलेल्या, पाय लांब केलेले. दिवसभर कुणी पोळ्या लाटून आलेली, कुणी ऑफिसं झाडून आलेली. प्रत्येकीच्या मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर जुडी सोडलेली. हात आपोआप चालत होते, पानं पिशवीत, देठं खाली. समोर दोन बकऱ्या देठांवर ताव मारत होत्या. आणि मधोमध प्रेमा बोलत होती.

ही प्रेमा! विमलाचा विश्वास बसेना. प्रेमा म्हणजे दुकानात आली की "अर्धा किलो साखर" एवढंच बोलणारी, सासूच्या धाकात वावरणारी, मान खाली घालून जाणारी. ती इथे उभी राहून नक्कल करत होती. ती जिथे स्वयंपाकाला जायची त्या बाराव्या मजल्यावरच्या घरातल्या आजोबांची नक्कल असावी, कारण एक हात कमरेवर होता आणि आवाज थरथरता काढला होता.

"...आणि मी म्हटलं, आजोबा, त्या कपड्यांच्या मशीनला हात का लावू देत नाही मला? तर दारात आडवेच झाले. शेवटी सून आली, तिने मशीन उघडलं, आणि आत बघते तर—"

तेवढ्यात तिला विमला दिसली. शब्द तोंडातच राहिला. ओळीतल्या सगळ्या जणी गप्प झाल्या. एकीने तर पाय ओढून चपलेत घातले.

"विमलाताई? तू इकडे कशी?"

"गोळी आणायला," विमला म्हणाली. कुणालाही ते खरं वाटलं नाही. औषधाचं दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं.

दुसरी एखादी असती तर ओशाळून परतली असती. विमलाने सरळ विचारलं, "प्रेमा, खरं सांग. माझी भाजी का घेत नाही तुम्ही?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग प्रेमानेच हात पुसले आणि तिला जरा बाजूला घेतलं.

"तुझ्या भाजीला काय धाड भरलीय? एकदम फस्क्लास आहे. पण तुझ्याकडून घेतली तर इथे बसायचं काय कारण सांगू घरी?"

"म्हणजे?"

"वरती कचरा टाकायला जागा नाही ना, म्हणून निवडून आणते, असं सांगितलंय सासूला. तिला पटतं. घरात घाण होत नाही, ओझं कमी होतं. म्हणून तर अर्धा-पाऊण तास कुणी विचारत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी राबायचं, वर गेलं की आपल्या घरी. हा एवढाच वेळ आहे बघ मध्ये, जो कुणाचा नाही. आता तू वरती भाजी ठेवलीस, वर कचऱ्याचं पिंपही ठेवलंस. सासूला कळलं की म्हणेल, ये थेट घरी."

"तिला माहीत नाही? फ्रिज तर सगळ्यांनी पाहिला."

"गुडघे धरलेत तिचे, ती कुठे येते दुकानात? मी सांगितलंय, विमलाताईकडे महाग मिळते." प्रेमाने खाली पाहिलं. "माफ कर हां. सगळ्यांनीच घरी तसं सांगितलंय."

विमला थक्क झाली. "अगं, मग ती मॅडम घरोघरी विचारत होती तेव्हा कशाला म्हणालात, खालून भाजी आणायचा फार त्रास होतो म्हणून?"

"सासू शेजारी बसली होती ना! तिच्यासमोर काय सांगू, मजा येते म्हणून?"

विमलाला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी ते विरलं. ज्या त्रासापायी एवढा फ्रिज दोर लावून वर चढला, तो या बायकांचा दिवसातला सगळ्यात सुखाचा वेळ होता.

"सांगू नकोस कुणाला," प्रेमा म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी होती आणि भीतीही. टेकडीवर विमलाला काही सांगायचं म्हणजे काय, हे तीही जाणून होती.

विमला पायऱ्या चढू लागली. मागे बराच वेळ हसण्याचा आवाज आला नाही. आपण निघून गेलो तरी आपल्यामुळे त्या गप्प बसल्यात, हे तिला टोचत राहिलं. आणि एवढ्या सगळ्यात तिच्या मनातून एक गोष्ट जाईना, त्या मशीनमध्ये होतं तरी काय?

"कळलं का काही?" कुंडलिकने विचारलं.

"नाही," विमला म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्यापासून लपवलेली ही पहिली बातमी असावी.

तिला लपवणं सोपं गेलं नाही. फळीवर बसलं की जिभेला खाज सुटायची. दोन शब्द पुरे होते. एखाद्या सासूला सहज म्हणायचं, "मावशी, खालच्याच भावाला आहे हो," की दुसऱ्या दिवशी फ्रिज रिकामा झाला असता. पावसाळा सरत आला होता. तिने शर्मिष्ठा मॅडमना फोन करून विचारलं, पालेभाजीऐवजी पेरू, केळी, अंडी ठेवली तर चालेल का, मुलं तरी घेतील. मॅडमचा सूर खरोखर वाईट वाटल्याचा होता. "मलाही पटतं, विमलाताई. पण योजना पालेभाजीसाठी मंजूर झालीय. ऑफिसातले वरचे ऐकणार नाहीत." मग त्या म्हणाल्या, "मी रविवारी येते. वस्तीतल्या लोकांनाच विचारू या, काय अडतंय."

रविवारी दुपारी दुकानासमोर सतरंज्या अंथरल्या. पुढे सासवा, बाजूला पुरुष, मागे भिंतीला टेकून सुना. प्रेमाच्या सासूला दोघांनी खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं, कारण सभा म्हटलं की तिला गुडघे आडवे येत नसत. शर्मिष्ठा मॅडमनी आधी योजना समजावून सांगितली. टेकडीवर भाजी आली, मजुरी संस्था भरते, कचराही संस्था उचलते. "आणि भाव," त्या म्हणाल्या, "खालच्या गाडीवर असतो तोच. मग घेत का नाही कुणी? मला खरंच समजून घ्यायचंय."

प्रेमाच्या सासूने कान टवकारले. "काय सांगतस? खालच्याच भावान?"

"हो, आजी."

"मगे आमची प्रेमा म्हाग म्हणता ती कशी? गो प्रेमा! हय ये बघूया पुढे."

दुसऱ्या एका सासूनेही मान मागे वळवली. मग तिसरीने. मागे भिंतीशी सुना दगडासारख्या उभ्या होत्या. प्रेमा दोन पावलं पुढे आली. तिने विमलाकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. पदराचं टोक तिने मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. ती आता काय सांगणार, हे तिलाही माहीत नव्हतं.

विमलाचं लक्ष फ्रिजकडे गेलं. सकाळीच पुसलेली काच. आत हिरवीगार मेथी, वरच्या कप्प्यात दही. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. प्रेमा खोटी पडली असती, कट्टा सुटला असता, आणि फ्रिज राहिला असता.

"ती खरं बोलते, मावशी," विमला म्हणाली. "मी महाग विकत होते."

सगळे तिच्याकडे वळले.

"मॅडमनी भाव ठरवून दिला होता. मी वर चढवून सांगत होते. म्हणून बायका घेत नव्हत्या."

कुंडलिकचं तोंड उघडलं. विमलाने त्याच्याकडे असं काही पाहिलं की ते तसंच मिटलं.

शर्मिष्ठा मॅडमनी हातातली वही मिटली. "मी तुम्हाला फोनवर कितीदा भाव विचारला, विमलाताई. तुम्ही तर..."

"खोटं सांगितलं."

"खरंच?"

"खरंच."

मॅडमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. त्यांनी या दुकानासाठी ऑफिसातल्या वरच्यांशी भांडण केलं होतं, आणि ते विमलाला माहीत होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रेमाच्या सासूने मात्र संधी सोडली नाही. "गरिबाच्या पोटार पाय दितस? लाज नाय वाटत तुका?" आणि मग सुनेकडे वळून, "तू आपली खालसूनच आण गो. निवडून."

फ्रिज त्याच आठवड्यात उतरवला, त्याच्याबरोबर कचऱ्याचं पिंपही गेलं. चढवताना नाचणारी पोरं या वेळी लांब उभी होती. नंदकुमारकडे दुधाची गर्दी पुन्हा वाढली, आणि विमलाच्या दुकानात येणारा माणूस सुट्टे पैसे दोनदा मोजून घेऊ लागला. हे तिला सगळ्यात लागलं. आयुष्यात तिने जिभेला लगाम घातला नसेल, पण मापात कधी पाप केलं नव्हतं. कुंडलिकने दोन दिवस आपला चहा आपणच करून घेतला. मग त्याने एकदाच विचारलं, "का केलंस?" ती म्हणाली, "डोकं फिरलं होतं." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. तो रखवालदार होता, कुठलं दार ठोठावायचं नाही हे त्याला समजायचं.

त्याच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी मात्र संध्याकाळी तो आपणहून फळीवर येऊन बसला आणि म्हणाला, "जा, तुझी गोळी घेऊन ये."

विमला खाली उतरली. धोंडिरामकडून तिने मेथीची एक जुडी घेतली. पंपघराच्या मागे जायला पाऊल उचलेना, आपण दिसलो की त्या पुन्हा गप्प होतील, असं तिला वाटत होतं. ती कोपऱ्यावर घुटमळली.

प्रेमाने तिला पाहिलं. बोलणं थांबलं नाही. तिने बोलता बोलताच शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि कट्ट्यावर झालेल्या जागेवर थाप मारली.

"बस. चपला काढ आधी."

विमला बसली. शेजारणीने तिची जुडी सोडून अर्धी स्वतःच्या कागदावर ओढून घेतली. कुणी आभार मानले नाहीत, कुणी फ्रिजचं नाव काढलं नाही. विमलाचे डोळे भरून आले, म्हणून ती मान खाली घालून पानं खुडू लागली.

"ताई, त्या दिवशी कुठपर्यंत ऐकलं होतंस तू?" प्रेमाने विचारलं.

"सुनेने मशीन उघडलं, तिथपर्यंत."

"मग पहिल्यापासून ऐक," प्रेमा म्हणाली आणि उठून कमरेवर हात ठेवला. बाकीच्यांनी ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल कोण जाणे, पण त्याही हातातली भाजी ठेवून नव्याने ऐकायला बसल्या.

त्या मशीनमध्ये काय होतं ते विमलाला त्या संध्याकाळी कळलं, आणि हसून हसून तिच्या पोटात दुखलं. टेकडीवर मात्र ते अजून कुणालाही माहीत नाही. कुंडलिकलाही नाही.